टपावर चढताना

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात पहिली आठवण होते ती स्टुलाची. त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून दरवर्षी मी माळ्यावरचे डबे काढते आणि लेकीला 'नीट धर गं' म्हणेपर्यंत माझा एक पाय हवेत गेलेला असतो. यंदा मात्र स्टुलापाशी येऊन थबकले. त्याचे कारण दादा.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाला आणि वहिनी गेल्यावर घर विकून त्याने नॅरोबोट घेतली. वाचकांनी कृपा करून काश्मीरची हाउसबोट डोळ्यांपुढे आणू नये. नॅरोबोट म्हणजे कालव्यात अंग चोरून उभा असलेला आगगाडीचा डबा! रुंदी जेमतेम सात फूट. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंतही जाते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअराने तिकडच्या कालव्यांवर सात फुटी लॉक बांधली, तेव्हा होड्यांनाही तेवढेच बारीक व्हावे लागले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे, की होडी हळूहळू वरच्या पातळीला येते. पूर्वी या होड्यांतून कोळसा जाई आणि काठावरून घोडा ओढी. आता त्यांत माणसे राहतात किंवा सुटीला म्हणून फिरतात.

सात फुटांत संसार मावत नाही. म्हणून तो टपावर जातो. टप हा आपला एसटीचाच शब्द, आणि तिथे तो चपखल बसतो. लांब वासा, फळी, दोर, लाकडे, कोळशाची पोती, सायकल असे सगळे टपावर. दादाच्या टपावर शिवाय कोथिंबिरीच्या आणि मेथीच्या कुंड्या. आता एसटीच्या टपाला मागे शिडी असायची. होडीला बाजूने काय, तर पाण्याच्या वर चार बोटे रुंदीचा एक लोखंडी काठ आणि टपाच्या कडेने धरायला एक दांडी. काठावर पाऊल, दांडीला हात, एक हिसका, की माणूस वर. जमले तर!

दादाला जमत असे. चिपळूणच्या स्टँडवर शिडी सोडून खिडकीच्या गजांवरून तो टपावर चढायचा आणि खाली आई डोळे मिटून घ्यायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्याला आता साठीही उलटून गेली. फेब्रुवारीत टपावर दहिवर गोठलेले असताना त्याचा पाय सुटला आणि तो होडी आणि काठ यांच्यामधल्या फटीत पडला. पाणी छातीभरच होते. पण अंगावर परत येणारी होडी पंधरा टनांची. शेजारच्या होडीतल्या बाईंनी आकडा पुढे करून त्याला ओढून काढला. आम्हाला हे कळले दोन महिन्यांनी, तेही चुकून. मग भाच्याने मला गळ घातली, "आत्या, तू जा. बाबांना सांग, होडी विका. ते तुझं ऐकतील."

मे महिन्यात मी गेले ती अशी वकीलपत्र घेऊन. ब्रॉन्स्टन या गावी, जिथे ऑक्सफर्ड कालवा ग्रँड युनियनला मिळतो, तिथे होडी लागली होती. पहिल्याच संध्याकाळी विषय काढला. दादा म्हणाला, "विकून जाऊ कुठे? तिच्या आवडीचे पडदे आहेत यात." वहिनीने जुन्या घरासाठी शिवलेले पडदे कापून त्याने होडीच्या लहान खिडक्यांना लावले होते. माझे वकीलपत्र मी पिशवीत ठेवले. मग उरला एकच प्रश्न : या माणसाने वर चढायचे कसे?

पहिला प्रयोग माझा. काठावर घरातले स्टूल मांडले, वर उभी राहून दांडी धरली आणि अंगाचा भार टाकला. होडी बापडी शांतपणे पलीकडे सरकली. माझे पाय स्टुलावर, हात होडीवर आणि मध्ये कालवा! दादाने मागून कमरेला धरले म्हणून हा लेख वाचकांच्या हाती आहे.

दुसरा प्रयोग मागच्या दारावरच्या झाकणावर पाय देण्याचा. ते सरकते असते. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

शेवटी गुरू केले ते त्या शेजारच्या बाईंना. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी आधी दोन्ही टोकांचे दोर ताणून बांधायला लावले. होडी हलता कामा नये. मागच्या दाराच्या आत पायरी असते, तिच्यावर उभे राहिले की टप छातीला लागतो. तिथून गुडघ्यावर वर जायचे, वर गेल्यावरही रांगायचे, आणि उतरताना पाठमोरे, बाळ पलंगावरून उतरते तसे. चार हातापायांपैकी एका वेळी एकच हलवायचा. टप ओला असेल तर चढायचे नाही. होडी चालती असताना तर नाहीच. तिकडचे पूल फार बुटके. पुढच्या आठवड्यात आम्ही टपाला वाळूमिश्रित रंग दिला. कुंड्या मी ओढून अगदी मागे आणल्या, म्हणजे पायरीवर उभ्यानेच हात पोचावा. खरी गंमत अशी, की त्यानंतर दादाला वर जायचे कारणच फारसे उरले नाही. कोथिंबिरीसाठीच तो जीव धोक्यात घालत होता म्हणायचे!

लॉकचे मात्र तसे नव्हते. ब्रॉन्स्टनला ओळीने सहा लॉक आहेत. एकटा माणूस वर जाताना काय करतो, तर खाली हौदात होडी घालून टपावर उभा राहतो आणि हातात दोर घेऊन भिंतीतल्या शिडीने वर चढतो. शिडीला शेवाळ. लॉक दोन होड्या शेजारी मावतील इतके रुंद, त्यामुळे एकटी होडी भिंतीपासून सुटते. मी वर उभी होते. दादाचा एक पाय शिडीवर, एक टपावर आणि मधली फट रुंदावत चाललेली. आईसारखे डोळे मिटावेसे वाटले; पण मी मिटले नाहीत. मी ओरडले, "दादा, पाय मागे घे!" इतक्या वर्षांत मी त्याला हुकूम केला तो पहिलाच. त्याने घेतला.

त्या दिवसापासून होडी लॉकच्या बाहेरच बांधायची, पायऱ्यांनी वर जायचे आणि दोराने तिला आत ओढून घ्यायची, असे ठरले. वेळ दुप्पट लागतो. दादा कुरकुरतो, "म्हाताऱ्यांची पद्धत ही." भाच्याला मी फोनवर सांगितले, होडी राहील. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

काल दादाचा फोन आला. दिवाळीची तयारी विचारली. मी स्टुलाचे सांगितले.

"धरायला काय आहे?"

"लेक आहे ना."

"ती काय कठडा आहे?"

पुठ्ठ्याची घडी काढून टाकली आहे. सुताराला दोनदा निरोप धाडला. तो म्हणतो, लक्ष्मीपूजन होऊ द्या. माळ्यावरच्या पणत्या माळ्यावरच आहेत. यंदा नव्या आणल्या.