नागपूर : मध्यबिंदू ते महाकेंद्र

भारताच्या नकाशातील मध्यवर्ती नगर म्हणून नागपूरचा लौकिक जुना आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतत. पुढे विमानांचा पल्ला वाढला व वाटेत थांबण्याची निकड सरली.

‘मिहान’ प्रकल्पाद्वारे नागपूरला दूर पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे केंद्र करू पाहताना हा इतिहास विसरता कामा नये. केवळ मध्यवर्ती स्थान पुरेसे नसते. दुबई वा सिंगापूर येथे असंख्य प्रवासी उतरतात ते पुढचे विमान गाठण्यासाठी. तेथील खरे भांडवल म्हणजे परस्परांशी जुळणारी वेळापत्रके. ती जुळेपर्यंत नागपूरने मालवाहतूक आणि २०१५ मध्ये कार्यान्वित झालेले विमान दुरुस्ती केंद्र यांचा पाया भक्कम करावा, हेच श्रेयस्कर.

या प्रकल्पापायी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. त्यांच्या मुलांना येथेच कौशल्याचे काम मिळाले, तरच ही गुंतवणूक फळाला आली असे म्हणता येईल.