प्रबळगड की मुरंजन? डोंगराचं खरं नाव असं शोधा

हवा स्वच्छ असली की कामोठ्यातून पूर्वेला प्रबळगडाचा पसरट माथा दिसतो. या गडाचं जुनं नाव मुरंजन. शेजारचा कलावंतीण सुळका तर मोबाइलच्या नकाशावर ‘दुर्ग’ झालाय. मग खरं नाव कोणतं?

कुठे शोधायचं?
सुरुवात 1882 च्या ठाणे गॅझेटियरपासून करावी. तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं. जिल्ह्याला ‘रायगड’ हे नाव 1981 मध्ये मिळालं, त्यामुळे त्या नावाने शोधल्यास जुन्या नोंदी हाती लागत नाहीत. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने-नवे नकाशे ताडून पाहावेत.

जुना नकाशा म्हणजे अंतिम पुरावा?
नाही. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक पुसला जातो. म्हणून पायथ्याच्या ठाकूरवाडीतला उच्चार ऐकायलाच हवा.

आता काय करावं?
ऑनलाइन नकाशात कुणीही नाव सुचवू शकतं आणि चुकीचं नाव एकदा रुजलं की तेच फलकावर येतं. त्याआधी ग्रामपंचायतींनी डोंगर, सोंड, खिंड यांची नावं जाणत्यांना विचारून नोंदवावीत. कागदावर नसलेली नावं त्यांच्याबरोबरच जातील.