पोलिसी खाक्या म्हणजे तपास नव्हे

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर हे वाक्य इतक्यांदा छापून येते की त्यात काय लिहिले आहे याकडे आपले लक्षच जात नाही. कोठडीत एका माणसाला मारले, आणि ते मारणे हाही गुन्हाच आहे, हे त्यात लिहिलेले असते. ते वाचून आपण पान उलटतो. पुढे त्याच कोठडीत कुणी मेला की मात्र आपल्याला धक्का बसतो.

या खाक्याची बाजू घेणारी माणसे दुष्ट असतात असे मी म्हणणार नाही. ज्याचे घर फोडले, ज्याच्या लेकीवर अत्याचार झाला, त्याचा संताप खरा असतो. त्यांचे म्हणणे एवढेच की दोन ठेवून दिल्याशिवाय सराईत गुन्हेगार तोंड उघडत नाही. पण पोलिसांपुढे उघडलेले ते तोंड न्यायालयात कामाचे नसते. पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच घातला आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या कलमात तो कायम आहे. मग मारतात कशासाठी? कारण त्याच कलमात एक अपवाद आहे. कबुलीतून काही वस्तू सापडली तर तिच्याशी संबंधित तेवढे बोलणे ग्राह्य धरले जाते. मुद्देमाल हस्तगत झाला की तपासाचे कागद भरीव दिसतात, आणि सारा मार या एका फटीतून आत येतो.

मारामुळे सत्य बाहेर येते, हे तर साफ खोटे आहे. सप्टेंबर 2017 मध्ये गुरुग्राममधील एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी बसच्या वाहकाला पकडले आणि त्याने कबुलीही दिली. देशभर त्याच्या फाशीची मागणी झाली. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने वाहकाला आरोपमुक्त केले. आपल्याला मारून कबूल करायला लावले, असे त्याने सांगितले. पहिल्याच कबुलीवर तपास थांबला असता तर?

'मग पीडितांच्या हक्कांचे काय?' हा प्रश्न मला टाळायचा नाही. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मेला. 'बदला पुरा' असे फलक लागले. पण त्याच्यापुरता खटला तिथेच संपला. साक्षी-पुरावे तपासून त्याच्या गुन्ह्याचा जो निवाडा झाला असता, तो त्या चिमुकल्यांना आता कधीच मिळणार नाही. पीडितांचा तो हक्क त्या गोळीने हिरावून घेतला.

तिसरे म्हणणे पोलिसांचे असते की छातीत दुखू लागले आणि दवाखान्यात नेताना मृत्यू झाला. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारल्यावर त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सरकारने विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. साधा गुन्हा नोंदवायलाही जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ते हरले.

एनसीआरबीच्या नोंदींप्रमाणे 2001 ते 2020 या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीत 1,888 मृत्यू झाले आणि फक्त 26 पोलीस दोषी ठरले. याचे कारण उघड आहे. साक्षीदार पोलीस, नोंदवही पोलिसांची, कोठडीची किल्लीही त्यांच्याकडे, आणि सिद्ध करायचे मेलेल्याच्या आईने. कोठडीत असताना इजा झाली असेल तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, उलट सिद्ध करणे पोलिसांवर असावे, अशी तरतूद विधी आयोगाने 1985 मध्येच सुचवली होती. 2017 मध्ये पुन्हा सुचवली. 2023 मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही तिला जागा मिळाली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर टाकणारी ती तरतूद आधी हवी. बाकीचे उपाय तिच्यावाचून लुळे पडतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशाप्रमाणे ठाण्याठाण्यात कॅमेरे हवेत. पण त्याच वर्षी तमिळनाडूतल्या सातानकुलम ठाण्यात बाप-लेकाचा छळ झाला, तिथे कॅमेरा होताच. चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी सोय केलेली होती. खरे काय घडले ते त्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदाराने न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले. पोलीस खाते वाईटच आहे असे म्हणणाऱ्यांनी तिला विसरू नये. बारा-चौदा तासांची पाळी, अपुरी माणसे, 'उद्यापर्यंत उलगडा करा' असा वरून दट्ट्या, हे सगळे खरे आहे. त्यावर माणसे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा वाढवा. पट्टा हे त्याचे उत्तर नाही.

आणि न्यायाधीशांना माझी हात जोडून विनंती आहे. रिमांडच्या वेळी 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' असे विचारले जाते, तेव्हा मारणारा तिथेच उभा असतो आणि पुढची रात्र त्याच्याच ताब्यात काढायची असते. तो 'नाही' म्हणणारच. आधी त्या पोलिसांना दालनाबाहेर काढा. वैद्यकीय तपासणीचा कागद स्वतः वाचा. आरोपीला शर्ट काढायला सांगा, त्याची पाठ आणि तळपाय पाहा, आणि मग तो प्रश्न विचारा.