मेराज आणि आइन्स्टाइन
रजब महिन्याच्या २७व्या रात्री, शब-ए-मेराजला, बेळगाव-निपाणीकडच्या अनेक मशिदींत जागरण असतं. मेराज म्हणजे याच रात्रीचा प्रवास: पैगंबर मक्केहून जेरुसलेमला, तिथून सात आकाशं पार करून परतले, तरी अंथरूण उबदारच होतं, असं सांगतात. याला आइन्स्टाइनच्या १९०५च्या सापेक्षता सिद्धान्ताचा दाखला देण्याची अनेकांना हौस असते. पण हिशेब उलटा पडतो! सापेक्षतेत वेगवान प्रवाशाचं घड्याळ मागे पडतं, घरचं पुढे जातं. इथे घरचंच जेमतेम हललं. कुराणातले गुहेत ३०९ वर्षं झोपलेले तरुण, किंवा ब्रह्मलोकातून युगांनंतर परतलेला आपल्या पुराणांतला रैवत राजा त्यातल्या त्यात जुळतात (झोपलेल्यांना वेग कुठला, ते सोडा). मेराज मानणाऱ्यांनी चमत्कार म्हणूनच मानावी. आइन्स्टाइनला साक्षीला ओढू नये.