गव्हांतील निदण आणि गाजरगवत

प्रभु येशूनें सांगितलेला निदणाचा दाखला आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. लोक झोपेंत असतां वैरी येतो, गव्हांत निदण पेरतो आणि निघून जातो. गाजरगवताची हकीकत निघाली म्हणजे आमच्याकडील मंडळी हीच गोष्ट थोड्या फरकानें सांगतात. त्यांच्या मतें वैरी म्हणजे अमेरिका, आणि गहूं म्हणजे पी. एल. ४८० या कायद्याखालीं आलेला गहूं.

कथा सांगावयास सोपी खरी, परंतु सनावळी तिच्याशीं पुरती जुळत नाहीं. हें गवत पुण्यांत १९५५ सालीं दिसलें व तें वृत्त १९५६ मध्यें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्या कायद्याखालील पहिला करार आपल्या सरकारशीं झाला तो १९५६ च्या ऑगस्टांत. त्यापूर्वीं १९५१ सालीं अमेरिकेनें आपणांस गहूं कर्जाऊ दिला होता, तेव्हां धान्याबरोबर बीं आलेंच नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या १८१४ च्या यादींतही या झाडाचें नांव सांपडतें!

आमचा खरा प्रश्न निराळा आहे. पुण्यांतून तें देशभर कोणीं नेलें? मेक्सिकोच्या आखाताभोंवतालची ही वनस्पति; तिचें एक झाड १५ ते २५ हजार बिया देऊं शकतें. बीं इतकें हलकें कीं तें वाऱ्यावर उडतें, पाण्यावर तरंगतें, चाकाच्या चिखलास व गुरांच्या खुरांस चिकटतें. शेणखताच्या गाड्या, रस्त्यावर घालावयाची माती, चाऱ्याच्या पेंढ्या, हीं सर्व वाहनें आमचींच होतीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडांत तें टेक्ससहून आणलेल्या चाराबियाण्यांतून पसरलें; इथिओपियांत दुष्काळाच्या साहाय्यार्थ आलेल्या धान्याबरोबर गेलें असें मानतात. दोहोंकडे आणणाऱ्याच्या मनांत वैर नव्हतें.

आपल्याकडे त्यास पांढरफुली, चटकचांदणी अशीं गोंडस नांवें मिळालीं. (काँग्रेस गवत हें नांव कां पडलें याविषयीं लोक दोन-तीन कारणें सांगतात, राजकारण हा या अंकाचा विषय नव्हे.) नांवाप्रमाणें गुण मात्र नाहींत. त्यांतील पार्थेनिन नांवाच्या द्रव्यानें अंगास खाज सुटते, पुरळ उठतें, आणि कांहीं जणांची कातडी जाड होऊन काळवंडते. परागानें सर्दी व दमा बळावतो. एकदां शरीरास याचें वावडें झालें म्हणजे पुढें थोडक्या स्पर्शानेंही त्रास उठतो. गुरें सहसा त्याला तोंड लावीत नाहींत. चाऱ्यांतून पोटांत गेलेंच तर दूध कडू होतें.

हें ध्यानांत घेतां, ऑगस्ट-सप्टेंबरांत फुलावर आलेलें गवत उघड्या हातांनीं उपटण्यास मुलांस श्रमदानाच्या नांवाखालीं पाठविण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं दिसते, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. हेतु चांगला, पण वेळ चुकीची. पराग मुलांच्या अंगावर पडतात, बिया जमिनीवर पडतात, आणि पुढील वर्षीं तेथेंच दाट पीक उभें राहतें. दाखल्यांतील धन्यानें गहूं व निदण कापणीपर्यंत एकत्र वाढूं द्यावयास सांगितलें होतें; गाजरगवतास तो न्याय लावतां येत नाहीं. हें रोप उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांतच फुलूं लागतें. तेव्हां पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत, जमीन ओली व रोपें कोंवळीं असतांनाच, हातमोजे घालून तीं मुळासकट काढावींत. ज्या मुलास दम्याचा किंवा त्वचेचा विकार आहे त्याच्या पालकांनीं आधीं चिठ्ठी द्यावी, आणि ती चिठ्ठी आळसाची सबब आहे असें शिक्षकांनीं समजूं नये.

मेक्सिकोहूनच आणलेले झायगोग्रामा नांवाचे भुंगेरे १९८४ पासून आपल्या देशांत सोडण्यांत आले. पावसाळ्यांत ते पानें फस्त करितात, हें आम्हांसही कबूल आहे. परंतु पाऊस सरला म्हणजे ते जमिनींत दडतात, आणि गवत मात्र ओल मिळेल तेथें बारमाही उगवतें. म्हणून भुंगेऱ्यांच्या भरंवशावर राहून अंगण सोडून देणें बरें नव्हे.

उपटलेलीं कोंवळीं रोपें खड्ड्यांत कुजवून खत करण्यास हरकत नाहीं. फुलावर आलेलें झाड मात्र उकिरड्यावर टाकूं नये. तेथून तें शेणखताच्या गाडींत बसून पुन्हां शेतांत येतें.