सुई बदला, गवळी बदलू नका

पुंडलिकनगर, हनुमाननगर, जयभवानीनगर आणि गारखेडा परिसरातले रहिवासी, दुधाचा रतीब घेणाऱ्या माता-भगिनी आणि गोठेवाले बंधूंनो,

हे पत्रक गाई-म्हशींच्या एका विषाणूबद्दल आहे. जनावरं पाळणाऱ्यांनी ते वाचावंच, पण दूध घेणाऱ्यांनी आधी वाचावं. या रोगाची तपासणी होणार की नाही, हे बरंचसं तुमच्या दारात ठरतं.

बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस, थोडक्यात बीएलव्ही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ साली जॅनिस मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सर झालेल्या गाईंच्या पांढऱ्या पेशींत तो शोधून काढला. पेशीत शिरला की तो तिच्या जनुकांतच ठाण मांडतो, त्यामुळे एकदा लागण झालेलं जनावर जन्मभर बाधित राहतं. औषध नाही, बाजारात लस नाही. आणि बहुतेक गाईंना बाहेरून काहीच होत नाही. साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या गाईंच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात. शंभरातल्या पाचांहून कमी गाईंना पुढे गाठींचा कॅन्सर होतो, तोही बहुधा वयाची तीन-चार वर्षं उलटल्यावर. तोवर गाय खाते-पिते, वेते, बादलीभर दूध देते आणि दावणीतल्या शेजारणीला रोगही देते. खांद्यापुढच्या गाठी सुजणं, डोळा बाहेर येणं, खंगत जाणं ही लक्षणं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. शिवाय गाठी गोचीडतापातही सुजतात. नुसता हात फिरवून ‘हे अमुकच’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

हा विषाणू पसरतो तो मुख्यतः रक्तातून. डोळ्याला दिसणारही नाही एवढं रक्त पुरतं. आता पहाटेच्या धारेची वेळ आठवा. खिशातून सिरिंज निघते, पान्हा सुटावा म्हणून पहिल्या म्हशीच्या मानेत टोचली जाते, सुई बनियनला पुसली जाते, मग दुसरीला, मग तिसरीला, पार दावणीच्या टोकापर्यंत. संध्याकाळी पुन्हा तेच, तीच सुई. मी नोकरीत असताना हे जिल्हाभर पाहिलं आहे आणि आपल्या वस्तीतही पाहतो. ऑक्सिटोसिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं औषध आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराला घातक इंजेक्शनं टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. रोगाच्या हिशेबाने पाहिलं तर एका बाधित जनावराचं रक्त साऱ्या गोठ्याला वाटण्याची याहून सोपी युक्ती नाही. पान्ह्याचं इंजेक्शन बंदच करा. वासरू सोडा, कास कोमट पाण्याने धुवा, गाय पान्हवते.

जी इंजेक्शनं खरोखर लागतात, त्यांना दर जनावरामागे नवी सुई. कृत्रिम रेतनासाठी किंवा गाभण तपासायला आलेल्या माणसाचा हातमोजा दर गाईला वेगळा असलाच पाहिजे. तो तुम्ही स्वतः मागा, ‘साहेबांना कसं सांगायचं’ म्हणून गप्प राहू नका. शिंगं काढायची हत्यारं आणि कानात पिवळा बिल्ला मारायचं यंत्र यांनाही रक्त लागतं, ती प्रत्येक वेळी धुऊन जंतुनाशकात बुडवा. चावऱ्या माशांचाही यात हात असतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून लम्पी राज्यभर पसरला, तो पोळा कसा गेला हे आपण विसरलेलो नाही. लम्पी वेगळा रोग आहे, पण माशांसाठी तेव्हा शिकलेला धडा इथेही चालतो: शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब, मूत वाहून जाईल असा उतार. बाधित गाईचा चीक आणि कच्चं दूध यांतून वासरालाही लागण होऊ शकते.

तपासणी अवघड नाही. रक्तातली प्रतिपिंडं एलायझा चाचणीत दिसतात. हीच चाचणी दुधावरही होते, त्यामुळे अनेक गाईंचं एकत्र दूध तपासून गोठ्याचा अंदाज घेता येतो. पेशीतला विषाणू थेट शोधायचा तर पीसीआर. वासरात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं काही महिने राहतात, म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या वासराच्या एलायझावरून निष्कर्ष काढू नका. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा नमुनाही थोडा थांबून घ्या. लोणीच्या बाजारातून नवी एचएफ गाय आणली, तर तिला आधी वेगळी बांधा, तपासा आणि मगच दावणीला घ्या.

डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड या देशांनी कळपच्या कळप तपासून आणि बाधित गाई काढून टाकून हा रोग संपवला. अमेरिकेने तसं केलं नाही, आणि २००७ च्या तिथल्या सरकारी पाहणीत दर शंभरातल्या ८० हून जास्त दुग्धशाळांत तो सापडला. युरोपची रीत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. राज्यात गाई आधीपासून आणि २०१५ पासून बैलही कापता येत नाहीत. बाधित गाय मुकाट्याने दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा मार्ग तर नव्हेच. राहिला एकच: वेगळी दावण, वेगळी सुई, आणि तिची धार सगळ्यांत शेवटी.

आता रतीब घेणाऱ्यांसाठी. उकळलेल्या किंवा पाश्चराइझ केलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही. बर्कली विद्यापीठातल्या गर्ट्रूड ब्युअरिंग यांच्या गटाला २०१४ मध्ये काही स्त्रियांच्या स्तनपेशींत या विषाणूचे अंश आढळले होते. इतर काही गटांना ते आढळले नाहीत, आणि त्यामुळे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. व्हॉट्सॲपवर ‘गाईच्या दुधाने कॅन्सर’ असं काही फिरू लागलं तर पुढे ढकलू नका. कच्चं दूध मात्र पिऊ नका. त्यातून होणारे ब्रुसेलोसिस आणि क्षय हे माणसाचे खात्रीचे रोग आहेत.

आणि माझी कळकळीची विनंती अशी: ज्या गवळ्याने जनावरं तपासली आणि एखादी बाधित निघाली, त्याचा रतीब तोडू नका. तोडलात तर उद्या या रस्त्यावरचा एकही गोठेवाला नमुना देणार नाही, आणि तुम्ही मात्र न तपासलेल्या गोठ्याचं दूध निर्धास्तपणे घ्याल. उलट त्याला विचारा, ‘दादा, सुई दर म्हशीला नवी ना?’ सुयांचा एखादा डबा गल्लीने मिळून आणून द्या. महिन्याच्या दुधाच्या बिलापुढे तो खर्च काहीच नाही. माझ्या गल्लीतला पहिला डबा माझ्याकडून.

गोठेवाल्यांनो, चार-पाच जण मिळून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. नेहमीच्या तपासणीत बीएलव्ही असतोच असं नाही, तेव्हा त्याचं नाव घेऊन विचारा. राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे. तिथे किंवा दुसऱ्या कोणत्या प्रयोगशाळेत नमुने पाठवायचे, हे डॉक्टर सांगतील. जनावर आजारी असेल तर १९६२ वर फोन करा. वापरलेल्या सुया उघड्या नालीत टाकू नका, झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्या. आपली पोरं त्याच गल्लीत अनवाणी खेळतात.

आपला,
पुंडलिकनगरचा एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक