वार बघून वेरूळ
छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसाची सहल निवडताना ठिकाणांच्या संख्येआधी वार पाहावा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर, अजिंठा शंभराच्या आसपास. दोन्ही एकाच दिवसात उरकणारी सहल मुख्यतः बसची खिडकी दाखवते. एकट्या वेरूळच्या सहलीतही देवगिरी किल्ला, घृष्णेश्वर, पाणचक्की, बीबी का मकबरा कोंबलेले असतात. शिवाय हिमरू शालींचे दुकान, आणि तिथे मात्र वेळ कधीच कमी पडत नाही. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी सोळावे, म्हणजे कैलास, हेच दीड तास मागते. कळसाकडून खाली कोरत आणलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते. म्हणून सकाळी किल्ला, दुपारी कैलास असा क्रम लावणारा आणि मकबरा बेलाशक गाळणारा वाटाड्याच निवडावा.